म्लादेनने मान हलवली

सोफिया, मंगळवार दुपार

प्रिय झ्लात्काताई,

धाकट्या रायनाचा वाकून नमस्कार (वाकते खरी, पण पुन्हा सरळ व्हायला टेबलाचा आधार लागतो, हे तुझ्यामाझ्यात). तुझे गुडघे कसे आहेत? गरम वाळूची पुरचुंडी बांधतेस ना? दाजींचा खोकला गेला, की अजून सिगारेटीला सोडून खिडकीच्या फटीला दोष देतात? त्यांना म्हणावं, मेव्हणीने विचारलंय, खरं सांगा. बुर्गासला म्हणे अजून ऊन आहे. इथे डोंगरावरून धुकं उतरलंय ते आठवडाभर हललेलं नाही. समोरचं चर्च दिसत नाही, फक्त घंटा ऐकू येते. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, आणि तुझा पाहुणा येईपर्यंत भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

त्या पाहुण्याबद्दलच लिहायचंय. हा हेनिंग उन्हाळ्यात तुझ्याकडे राहिला, तुझे मासे खाल्ले, आपली भाषा थोडीफार शिकला (त्यातले काही शब्द दाजींनी शिकवलेले दिसतात, कारण ते भल्या घरात बोलता येत नाहीत), आणि मग त्याच्या डोक्यात आलं की सोफिया बघायची. तू त्याला माझा पत्ता दिलास. डेन्मार्कचा संगीत मास्तर, निवृत्त, उंची एवढी की आमच्या दिव्याला रोज एकदा डोकं आपटतं आणि तो दिव्याची माफी मागतो. इथली संस्कृती बघायची आणि इथलं खायचं, असं त्याने सांगितल्यावर शेजारच्या मादाम फानीने मला बाजूला घेऊन विचारलं की, याचं विमान चुकलंय का? तिचंही बरोबर आहे म्हणा. आपल्या शहरात लोक उतरतात ते एक तर बर्फात घसरायला जातात, नाही तर तुमच्या समुद्रावर. सोफिया म्हणजे त्यांना सामान उचलायची जागा. तूसुद्धा ताई, माझ्या नवऱ्याच्या, म्लादेनच्या अंत्यविधीला आलीस ती सकाळच्या गाडीने, आणि गेलीस संध्याकाळच्या. रागावू नकोस, आठवलं म्हणून लिहिलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी रस्सा वाढला, संपल्यावर विचारलं, आणखी घालू? त्याने मान अशी जोरात वर-खाली केली की मी थाळी उचलून धुऊन टाकली. बिचारा उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी मादाम फानीने उलगडा केला की त्यांच्याकडे वर-खाली म्हणजे हो आणि आडवी म्हणजे नाही, सगळं आपल्यापेक्षा उफराटं. तेव्हापासून आमचं ठरलं, मान स्थिर ठेवायची आणि हो-नाही तोंडाने बोलायचं. बोलताना तो दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवतो. बघणाऱ्याला वाटावं, मी त्याला काहीतरी वाईट बातमी सांगितली.

तिसऱ्या दिवसापासून मात्र तो माझ्याकडे जेवेनासाच झाला. सकाळी निघायचा, दुपारी यायचा तो तृप्त, गाल लाल, कोटाला लसणाचा आणि व्हिनेगरचा वास. मी पाव शेकून, दही लावून वाट बघतेय, आणि हा हात पोटावर ठेवून उभा. मला राग आला. कुठे गिळतोस बाबा, असं (सभ्य शब्दांत) विचारलं, तर म्हणाला, जुन्या स्नानगृहाच्या मागे दुधाची खानावळ आहे तिथे सकाळी, आणि वजडीचा रस्सा खायला तिच्या पुढच्या गल्लीतल्या तळघरात. ताई, ती दुधाची खानावळ तुला आठवते ना? तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. आणि वजडीवाल्याचं तळघर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुजवलं. मी म्हटलं, तू गल्ली चुकलास. तो म्हणाला, चुकेन कसा, ते गृहस्थ स्वतः घेऊन गेले होते.

कोण गृहस्थ? तर म्हणे आमच्याच जिन्यावर भेटतात, मधल्या वळणावर, जिथला दिवा कायम गेलेला असतो. वयस्कर, काळा कोट, डाव्या हातावर पांढरा नॅपकिन टाकलेला. काही बोलत नाहीत फारसं. हेनिंगने पहिल्या भेटीत धापा टाकत विचारलं होतं की इथे चांगलं जेवण कुठे मिळेल, तेव्हा कमरेत किंचित वाकले, हात पुढे केला आणि चालू लागले. पाय अजिबात वाजत नाहीत. मागे वळून बघत नाहीत, पण हा थांबला की तेही थांबतात. आणि रस्सा समोर आल्यावर एवढंच म्हणाले की, लसूण व्हिनेगरमध्ये आधी मुरू द्यावा, घाई करणाऱ्याने वजडी खाऊ नये.

माझ्या हातातला पेला तिथेच राहिला. हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून जन्मभर ऐकलंय, आणि त्या माणसाला वर्षापूर्वी मी स्वतः माती दिली. मेला म्लादेन! (बघ, इतकी वर्षं सवयीने म्हणत आले, आणि आता शिवी म्हणून हा शब्द वापरायचीही सोय राहिली नाही.) पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, हे तुला प्रामाणिकपणे सांगते. पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. मोठ्या हॉटेलात तीस वर्षं वेटर म्हणून राबला, साऱ्या जगाला वाढलं, आणि मी एकदा कुठेतरी जेवायला चला म्हटलं की म्हणायचा, दिवसभर ताटंच बघतो, घरी तरी बसू दे. लग्न झाल्यापासून मला एका खानावळीत नेलं नाही. आणि आता मेल्यावर एका डेन्मार्कवाल्याला हाताला धरून शहरभर खाऊ घालतोय!

भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी. हेनिंगने माझ्यासाठी बोझाची बाटली आणली. काचेची, जुनी, पत्र्याच्या बुचाची. आमच्याच इमारतीच्या पायाशी जी खिडकी आहे तिथून घेतली म्हणाला, आपल्याला उकिडवं बसून मागावं लागतं ती. दुकानवाली बाई दिसली नाही, फक्त हात बाहेर आला, पिठाने माखलेला. ताई, तिथे बसून विकणारी पेना आजी गेली त्याला किती वर्षं झाली, आणि त्या खिडकीत सिमेंट भरलंय. मी बोझा प्यायले. घट्ट, आंबूस, आपण शाळेतून येताना प्यायचो अगदी तोच. मग शाल घेऊन खाली गेले. सिमेंट होतं तसंच होतं, पण हात लावला तर ऊब लागली, भट्टी पेटलेल्या घराच्या भिंतीला लागते तशी. मी तिथे उकिडवी बसले, आणि आतून कोणीतरी अगदी सहज विचारलं, "किती देऊ?" कशी वर आले ते मला आठवत नाही.

तरी पण मी त्याची वाट बघितली. तुला हसू येईल, पण मधल्या वळणावर स्टूल टाकून सबंध सकाळ बसले, केस विंचरून, निळा ड्रेस घालून. मादाम फानी दोनदा वर-खाली झाली आणि दोन्हीदा, बरी आहेस ना, असं विचारून गेली. धुकं जिन्यापर्यंत आत आलं होतं. कोणी आलं नाही. एकदा लसणाचा वास आला आणि गेला. मला तिथे बसल्या बसल्या रडू कोसळलं. परक्याला भेटतो आणि मला नाही, असं मी काय केलं होतं त्याचं?

तुझं टुमणं मला ठाऊक आहे: घर विक आणि बुर्गासला ये. गिऱ्हाईक तूच शोधून दिलंस, आणि वर्षश्राद्ध झालं की हो की नाही ते सांगते असं मी त्याला कबूल केलं होतं. शनिवारी वर्ष झालं. मी रिवाजाप्रमाणे म्लादेनचा फोटो छापलेला कागद इमारतीच्या दारावर चिकटवला, गहू शिजवले, साखर पेरली आणि स्मशानात वाटले. हेनिंगलाही दिले. देव त्याला क्षमा करो, एवढंच म्हणून खायचं असतं, पण हा मोठ्याने आभार मानून फार छान म्हणाला आणि आणखी मागितले. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच शिकवलं. परत आलो आणि हा दाराशी थबकला. कागदावर बोट ठेवून म्हणाला, हेच ते गृहस्थ, यांना भाऊ आहे का? मी सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसला, दोन्ही हातांत डोकं धरून, आणि म्हणाला, "मग मी जे खाल्लं ते काय होतं?" मी त्याला पाणी दिलं.

मग मी लाज सोडली. म्हटलं, हेनिंग, तुला तो दिसतो, मला दिसत नाही, तर माझं एक काम कर. त्याला विचार, रायनाने घर विकून बहिणीकडे जावं का? बिचारा पांढराफटक पडला होता, पण गेला. भला माणूस आहे, तुझी पारख चांगली. थोड्या वेळात वर आला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "हो म्हणाले."

तर ताई, असं आहे. तो हो म्हणाला. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, आणि साधं थांब म्हणावंसंही वाटलं नाही त्याला. मनाला फार लागलं, तुला नाही तर कोणाला सांगू? पण निरोप तो निरोप. गिऱ्हाइकाला होकार कळवते, पडदे उतरवलेत, भांडी बांधलीत. रविवारच्या गाडीने येते. दाजींना स्टेशनवर पाठव, खोकला असला तरी पाठव. तुझ्या पोरींना मावशीचा पापा.

तुझी,
रायना

ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी उभ्याउभ्याच लिहितेय, अक्षराला हसू नकोस. हेनिंग निघायच्या तयारीत होता. त्याला वाटेत खायला चीज भरलेली बनित्सा बांधून दिली आणि सहज विचारलं, आणखी काही बोलला का रे तो? तर म्हणाला, बोलले नाहीत, नुसती मान हलवली. कशी हलवली? त्याने हलवून दाखवली. वर-खाली, हळू, दोनदा. ताई, वर-खाली! आपल्यात वर-खाली म्हणजे काय? नाही! जाऊ नकोस म्हणाला तो! आणि मी इथे मेल्याला शिव्या देत पडदे उतरवत बसले. दाजींना स्टेशनवर पाठवू नकोस. गिऱ्हाइकाला मी कळवलेलं नाही, आणि आता कळवतही नाही.

आणखी एक : तासभर आनंदात काढला आणि मग आठवलं. हॉटेलात परदेशी गिऱ्हाइकं, त्यांच्या सोयीसाठी म्लादेन मान उलटी हलवायचा. हो म्हणजे वर-खाली, त्यांच्यासारखी. कामावरून आला की आधी बूट काढायचा आणि मग मान बदलायचा, आणि कधी विसरला तर सबंध रविवार आमचं भांडण. आता हेनिंग परदेशी. म्हणजे ती मान वेटरची होती की नवऱ्याची? जा म्हणाला की राहा म्हणाला? मादाम फानीला विचारलं तर ती म्हणाली, दार घट्ट लावून झोप.

शेवटचं, आणि खरं काम हेच : मी पुष्कळ विचार केला. तो घरच्या माणसाला भेटत नाही, कारण घरी आल्यावर त्याला नुसतं बसायचं असतं. पाहुणा आला, भुकेला आला, की त्याच्याच्याने राहवत नाही. म्हणून रविवारी मी येतेच आहे. विकून नाही, कुलूप लावून. गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलंय. आठ दिवस तुझ्याकडे राहीन, थोडी काळी पडेन. मग तू मला तुझी गवताची मोठी टोपी दे, दाजींची चाकांची बॅग दे, आणि सोफियाचा नकाशा घेऊन दे (हसू नकोस), आणि मला गाडीत बसवून दे. मी परक्या बाईसारखी जिना चढेन, धापा टाकत (ते आपोआपच होईल), मधल्या वळणावर थांबेन आणि म्हणेन, अहो, इथे चांगलं जेवण कुठे मिळेल? मान कशीही हलवू दे, माझ्यापुढे चालावं तर लागेल. तिकीट फक्त सोफियाला यायचं काढ, परतीचं नको. तळघरात लसूण मुरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही, आणि मी घाई करणार नाही.