दोन चंद्र आणि पाठमोरा माणूस

कोल्हार, रविवार संध्याकाळ

माझ्या बायकोला, सुधाला, जाऊन वर्ष होत आलं. आज सूनबाईने कपाट आवरायला काढलं आणि माझी विज्ञानकथांची जुनी इंग्रजी पुस्तकं अन् सुधाच्या रॉक संगीताच्या रेकॉर्डी एकाच चादरीवर मांडल्या. कव्हरं अगदी सख्ख्या भावंडांसारखी. तेच जांभळं आभाळ, तेच दोन चंद्र. कुणी कुणाची नक्कल केली, यावर आम्ही जन्मभर भांडलो. "तुमच्या पुस्तकवाल्यांनीच चोरलं," ती म्हणायची. मी कधी मान्य केलं नाही.

सूनबाई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाबा, सगळ्यात एकच मानूस हाय, आन् तो बी पाठमोरा. तोंड कुठंच दिसत न्हाई."

खरंच की! आम्ही नुसते चंद्र बघत बसलो. हा पाठमोरा माणूस नजरेतून सुटला कसा? सुधाला दिसला असेल? मग बोलली का नाही?

"अगं, ऐकलंस का?" स्वयंपाकघराकडे वळून मी हाक मारली.

सूनबाई शेजारीच होती. उठून तिने एक रेकॉर्ड लावली. सुधाला मी नेहमी आवाज कमी करायला लावायचो. आज म्हटलं, "अजून वाढव."