मेहुण्याला क्रिप्टो शिकवण्याची पद्धत

३ मार्च, रविवार
क्रिप्टो घेतल्याला महिना झाला. क्लास नाही, गुरू नाही. सगळं स्वतः वाचून. फोटोंच्या फ्रेम बांधायलाही असाच शिकलो. आज या रस्त्यावर माझ्यासारखा कोपरा कुणाला जुळवता येत नाही.

पैसे नव्या वॉशिंग मशीनसाठी ठेवलेले होते. हिला सांगितलेलं नाही. दुप्पट झाले की सांगेन. जुनं मशीन गळतं, पण खाली बादली ठेवली की भागतं.

५ मार्च, मंगळवार
क्रिप्टोच्या भावाचा आलेख छापून फ्रेम केला. भोवती क्रीम पुठ्ठ्याचं माउंट, बारीक काळी पट्टी. दुकानात दर्शनी भिंतीवर टांगला. शेजारचा सलूनवाला हातात फेसाचा ब्रश घेऊनच बघायला आला. म्हणे, घसरगुंडी झकास आहे. मी सांगितलं, ही तात्पुरती घट आहे. मग उलटा टांगा, म्हणाला, चढेल. त्याच्यामागून आलेलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही हसलं.

निश्चय: अज्ञानी माणसांवर रागवायचं नाही.

सायंकाळी: रागावलो.

८ मार्च, शुक्रवार
मेहुणा (हिचा धाकटा भाऊ) दुकानात आला. म्हणे, भाऊजी, ते नाणं एकदा हातात द्या, वाजवून बघतो. मी शांतपणे त्याला सगळं तत्त्व समजावलं. मध्येच उठून तो समोरच्या दुकानातून बिस्किटं घेऊन आला. तेव्हाही मी बोलतच होतो, असं त्याचं म्हणणं.

नुसत्या बोलण्याने अशांना पटत नाही. परवा जेवायला येतोय. प्रात्यक्षिकच देतो.

१० मार्च, रविवार
जेवणानंतर, ही स्वयंपाकघरात असताना, मेहुण्याच्या मोबाइलवर वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं ॲप, उघडून दिलं. त्यात बारा शब्द येतात. मोबाइल गेला तरी त्या शब्दांवर नाणी परत मिळतात. मी बजावलं: शब्द कागदावर लिहायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कुणाला सांगायचे नाहीत. मलासुद्धा. डोक्यात ठेवायचे. त्याने मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

थोडीच नाणी पाठवणार होतो. तो म्हणाला, का भाऊजी, आपल्याच मालावर भरवसा नाही? सगळी पाठवली. क्षणात पोचली! ना बँक, ना रांग, ना सही. म्हटलं, आता ब्रह्मदेव आला तरी हा व्यवहार फिरवता येणार नाही.

यावर तो जरा टरकला. मग परत कशी पाठवायची, विचारू लागला. म्हटलं, पुढच्या रविवारी. एका दिवशी एकच धडा. कोपऱ्यातला सरस वाळल्याशिवाय काच बसवत नाहीत.

मी जिंकलो.

१३ मार्च, बुधवार
भाव चढला! सलूनवाल्याला लगेच जाऊन सांगितलं. दुपारी परत सांगितलं. संध्याकाळी मला येताना पाहून त्याने शटर अर्धं ओढलं. सत्य पचवणं सोपं नसतं.

मशीन आता ड्रायरवालंच घ्यायचं.

१७ मार्च, रविवार
दुसरा धडा झाला नाही. मेहुण्याच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून त्याने वॉलेट काढून टाकलं. म्हणे, प्रयोग संपला ना?

बारा शब्द विचारले. सांगेचना. तुम्हालासुद्धा सांगायचे नाहीत, असं तुम्हीच म्हणालात, म्हणाला. हातापाया पडलो तेव्हा कबूल झालं: कांदा आणि छत्री, एवढंच आठवतंय. बाकीचे? लिहू नको म्हणालात ना, भाऊजी.

तांत्रिकदृष्ट्या नाणी जागच्या जागी आहेत. कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही. इतकी सुरक्षित गुंतवणूक जगात नसेल. आणि वॉशिंग मशीनचे पैसे गेले असं म्हणणंच चूक आहे, हे मी त्याला पटवत होतो. ही दारात उभी होती.

 तिने मशीनखालची बादली उचलून माझ्यापुढे ठेवली.

२४ मार्च, रविवार
मशीन बंद पडलं. चादरी मी धुतल्या. आलेख सलूनवाल्याने येऊन स्वतःच्या हाताने उलटा केला. तसाच राहू दिला.

चादर पिळताना एक टोक खिळ्याला अडकवायचं आणि दुसरं एकाच दिशेने फिरवत जायचं, ही युक्ती माझी मीच शोधली. मेहुण्याला शिकवावी म्हणून फोन करायला उठलो. हिने मोबाइल काढून घेतला. म्हणाली, आधी या वाळत घाला. टॉवेल उद्या. एका दिवशी एकच धडा.