वेसाकच्या फुलाला शेंग धरावी म्हणून

७ मे

कळी आली!! दोन वर्षं नुसती पानं. आज फणसाच्या बुंध्याशी राख टाकायला गेले, तर वर खोडाला बांधलेल्या ऑर्किडला जांभळी कळी लोंबतेय. मी ओरडलेच. धर्मदास तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला. "साप?" म्हणे. नवरे! साप कसला, वेसाकचं फूल, बुद्धपौर्णिमेला फुलणारं! आमच्या डोंगरातून संपलं म्हणतात ते.

११ मे

उमललं. एकच, पण काय रंग! वनस्पती बागेतल्या समरकोन सरांना फोन केला. "हात लावू नका, मी येतो!" माझ्याच झाडाला मीच हात लावू नको!

१२ मे

सर आले. शिडीवर शर्ट फाटला, तरी खूश. त्याच रोपाचा पराग त्यालाच चालत नाही, म्हणून बागेतल्या रोपाचा डबीतून आणला होता. काडीनं आत टेकवला. शेंग धरली तर तिच्यातल्या धुळीएवढ्या बियांची हजारो रोपं करतील, परत जंगलातल्या झाडांवर बांधतील. हजारो! "फुलानं मान टाकली की समजा, जमलं."

फूल कोमेजावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई जगात मी एकटीच असेन.

१३ मे

सासूबाईंची कटकट. "वेसाकचं फूल दारात, आणि वेसाकला बुद्धाला नाही? माकडांसाठी ठेवलंयस?" सगळं समजावलं. मान टाकेल, मग शेंग धरेल. "बरं बरं," म्हणाल्या. इतकं सोपं!

१५ मे, वेसाक पौर्णिमा

देठ रिकामा.

सासूबाई पांढरी साडी नेसून विहारातून परतल्या, चेहरा नुसता फुललेला. "मान टाकेल म्हणालीस ना? कोमेजलेलं कधी वाहतात का? ताजं होतं तोवर नेलं. तुझ्याच नावानं वाहिलं गं पोरी — शेंग धरू दे म्हणून!"

असा राग आला! आणि भांडायचं तरी कुणाशी? मोरीत जाऊन रडले.

१५ मे, दुपार

विहारात गेले, निदान डोळ्यांनी बघावं म्हणून. आमचं फूल ओळखूच येईना — ताटभर होती तशीच! ताटभर! म्हणजे संपलेलं नाही!

शेजारी डोंगरापलीकडची एक म्हातारी हात जोडून उभी. तिनंही तीच वाहिलेली. आजी, कुठून आणलीस? "घरामागच्या झाडावरनं. दरवर्षी आणते."

सगळी तोडलीस?

"सगळी कशी? एक उमलायचीय अजून. कळी कुणी वाहतं का?"

अनवाणीच निघाले तिच्या मागे.