ताईच्या फियाटचा पाचवा गिअर

सेक्टर ६२, नोएडा
१८ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्या श्यामचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे आठातलं एक अंग कमी धरावं.) तुझे डोळ्यांचे थेंब चालू आहेत ना? नाशिकला थंडी पडली असेल, तर पहाटे फिरायला जाताना कानाला बांधत जा. इकडे सर्व क्षेम आहे, हवा सोडून. धुकं इतकं दाट आहे, की समोरच्या टॉवरमधल्या प्रणितावहिनी चादर वाळत घालतायत की काढतायत हे आमच्या बाल्कनीतून कळत नाही, आणि अरुणाचा जीव उगाच टांगणीला लागतो. तिचा तुला नमस्कार. ती आत मटार सोलते आहे आणि मी काय लिहितोय याची तिला अजिबात उत्सुकता नाही, असं ती दोनदा येऊन सांगून गेली.

ताई, हे पत्र तू बसून वाच. गणपतीत तुझा फोन आला, "श्याम, माझं लायसन्स एकतीस मार्चला संपतंय. ह्या वयात डॉक्टर पुन्हा सही देणार नाही. त्याआधी मला माझी गाडी एकदा स्वतः चालवायची आहे, इथे, गंगापूर रोडवर. आणि ती ट्रकवर चढवून आणायची नाही, आपल्या चाकांवर आली पाहिजे." मी "हो" म्हटलं. तुझ्यापुढे मी आयुष्यात दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पण त्याच गाडीबद्दल वीस वर्षांपूर्वी, दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून नाशिकला जाताना, किल्ली माझ्या हातात ठेवून तू एक अट घातली होतीस, ती म्हणजे तिच्यात काहीही बदलायचं नाही. बाबांनी नंबर लावला, आठ वर्षांनी गाडी आली तेव्हा बाबा रिटायर झाले होते, आणि कॉलनीतल्या समस्त पुरुषवर्गाच्या देखत तू पदर खोचून ती चालवायला शिकलीस. तिच्यावर तुझा हक्क किती आणि माझा किती, हे मला कुणी शिकवायला नको.

आता कबुली. मी तिचा गिअरबॉक्स बदलला आहे.

लगेच पान उलटू नकोस. आधी कारण ऐक. तुझा फोन ठेवल्यावर मी आणि अरुणा चाचणी म्हणून गाडी मथुरेपर्यंत नेऊन आलो. तुझे चार गिअर चाळीस-पन्नासपर्यंत मजेत चालतात, पण साठच्या पुढे काटा गेला की इंजिन असं किंचाळतं, की शेजारी बसलेल्या अरुणाने चहासाठी थांबूया असं तीनदा सांगितलं ते मला मथुरेत कळलं. (तिला अजून वाटतं मी मुद्दाम ऐकलं नाही.) वर इंजिन तापून उष्णतेचा काटा लाल पट्टीला टेकलेला. साडेबाराशे किलोमीटर अशा अवस्थेत नेली तर नाशिकला गाडी पोचण्याऐवजी तिच्या अस्थी पोचल्या असत्या. उपाय एकच, पाचवा गिअर. म्हणजे काय, तर तो टाकला की इंजिन हळू फिरतं आणि चाकं पळतात. आमच्या मंत्रालयात तीस वर्षं कारभार याच तत्त्वावर चालला, त्यामुळे मला ते चटकन समजलं.

समजलं तरी नियम नियम असतात. मी रीतसर फाईल उघडली. विषय: ताईच्या गाडीस पाचवा गिअर बसविणेबाबत. नोटिंग करून अरुणापुढे ठेवली, तिने समासात "चर्चा करावी" लिहून परत पाठवली. (अंडर सेक्रेटरीच्या बायकोला एवढं येतंच.) चर्चेअंती तीन कोटेशन मागवली. पहिल्या मेकॅनिकने गाडी पाहून ती विकता का विचारलं. दुसरा म्हणाला की इंजिनच नवं टाकतो आणि एसी पण बसवतो. दोन्ही अपात्र ठरल्यामुळे करोलबागेच्या मागच्या गल्लीतल्या नसीम उस्तादांचं कोटेशन एकमताने मंजूर झालं. उस्तादांनी बॉनेटला आधी हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "साब, बुजुर्ग गाडी है, इज्जत से खोलूंगा." खरंच इज्जतीने खोलली. एका मालवाहू व्हॅनचा पाच गिअरचा बॉक्स त्यांनी आणला. तो तुझ्या बॉक्सपेक्षा लांब, म्हणून तिथून मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्ट कापून आखूड करायचा होता. कापल्यावर त्याची लांबी किती उरायला हवी, ते मोजायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं.

इथे माझं चुकलं. घरात मोजायला अरुणाची शिवणकामाची टेप, आणि तिचे पहिले दोन इंच आमच्या इशिताने लहानपणी बाहुलीच्या पट्ट्यासाठी कापून नेले आहेत. आमच्याकडे सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. पडदे असोत, परकर असो, कुणी काही मोजलं की आपोआप दोन वजा करतो. मीही केले आणि आकडा चिठ्ठीवर लिहून उस्तादांना पाठवला. त्याच संध्याकाळी अरुणाला वाटलं, हे विसरले असणार. तिने परस्पर उस्तादांना फोन करून सांगितलं, "भाईसाब, हमारी टेप टूटी हुई है, दो इंच कम करना." उस्तादांनी बिचाऱ्यांनी कमी केले आणि शाफ्ट आमच्या सोसायटीत येऊन बसवून गेले.

रविवारी सकाळी सोसायटीची कमिटी गेटपाशी कचऱ्याच्या डब्यांवरून वाद घालत उभी असताना मी तुझी गाडी दिमाखात बाहेर काढली. दहा पावलं गेली असेल नसेल, खालून धडाड असा आवाज झाला आणि आखूड शाफ्ट निसटून जमिनीवर पडला. मला कळलंच नाही. मी एक्सिलरेटर देतोय, इंजिन गर्जना करतंय आणि गाडी जागच्या जागी. मागे सेक्रेटरीसाहेबांची गाडी हॉर्न वाजवतेय. वॉचमनने मला सलाम ठोकला, मग गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर, आपका कुछ गिर गया है." उस्तादांना फोन केला तर ते म्हणाले, "हिलाइए मत!" ती हिलत असती तर फोन कशाला केला असता? शेवटी कमिटीने वाद स्थगित ठेवून एकमताने धक्का मारला. गेल्या सहा वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

नवा शाफ्ट झाला, तो उस्तादांनी स्वतःच्या टेपने मोजला. आता गाडी उत्तम आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तुझा गिअरचा हात मी काढू दिला नाही. तो कशालाही जोडलेला नाही, पण तिथेच आहे. नवा गिअर खालून, पुढच्या लांब सीटला खाच पाडून वर आला आहे. सवयीने माझा हात अजून वरच जातो. सिग्नल सुटला की मी तुझा जुना गिअर मोठ्या रुबाबात ओढतो, गाडी ढिम्म, आणि मागचे लोक माझ्या खानदानाची चौकशी करतात. तुझा मूळ गिअरबॉक्सही सुरक्षित आहे. उस्ताद तो भंगारात देणार होते, पण खंडेनवमीला अरुणाने त्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला, आणि पूजा झालेली वस्तू भंगारात जाऊ देईल ती अरुणा कसली! तो बाल्कनीत शाल पांघरून बसलेला असतो. येणारेजाणारे त्याला हात जोडतात. येताना डिकीतून आणीन. तुला नवा नकोच झाला तर जुना पुन्हा बसवू.

ताई, गंमत पुरे. अट मोडली हे मला आतून खुपतं आहे. तू गाडीत बसून "ही माझी नाही रे" म्हणालीस, तर मी कुठे तोंड लपवू? पण न बदलता ती तुझ्यापर्यंत पोचली नसती आणि मार्च निघून गेला असता. दोनपैकी मी हे निवडलं. रागावायचं तर रागाव, पण बोलणं बंद करू नकोस.

डोळ्यांना जप. आशीर्वाद अर्धा राखून ठेवलास तरी चालेल, उरलेला गाडी बघून दे.

तुझा,
श्याम

ता. क. गाडी उत्तम आहे असं वर लिहिलं ते चौथ्या गिअरपर्यंत. पाचवा मी अजून टाकलेलाच नाही. आधी ट्रॅफिक होता, मग धुकं आलं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगू? आर. के. पुरमच्या मैदानात तू शेजारी बसून "आता दुसरा टाक, आता तिसरा" म्हणायचीस. तू शेजारी नसताना मी आयुष्यात एकही गिअर नव्याने टाकलेला नाही, आणि या वयात हात होत नाही.

ता. क. २. म्हणून पत्राचं खरं कारण. तूच इकडे ये. लायसन्स अजून चालू आहे, गाडी इथून तूच चालवत ने, मी शेजारी बसतो. चौदा फेब्रुवारीचं राजधानीचं तिकीट काढलं आहे, लोअर बर्थ आहे. नाही म्हणू नकोस.

ता. क. ३. (अरुणाकडून.) ताई, सा. न. पाकीट डकवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी लिहिते. गेल्या गुरुवारी चांगलं ऊन पडलं होतं आणि हे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी किल्ली घेतली आणि एक्सप्रेसवेने ग्रेटर नोएडापर्यंत जाऊन आले. पाचवा लोण्यासारखा पडतो. ऐंशीला इंजिन इतकं शांत होतं, की बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा काटा पाहिला. यांना सांगू नका, तुमच्याच हाताने पहिल्यांदा पडला असं त्यांना वाटू दे. तुम्ही नक्की या. धुळ्यापासून नाशिकपर्यंत गाडी तुमची. निघताना एक्सप्रेसवेवर पाचवा तुम्ही टाका, मग धुळ्यापर्यंत मी चालवणार आहे. हे मागे बसतील.