विजूनं लिहून सांगितलं

श्रीगोंदा,
७ जून १९७१

प्रिय रतन,

दादाचे आशीर्वाद. विजू तुझ्या शाळेच्या सुट्टीत नेवाशाला तुझ्याकडं राहून आली, त्याबद्दल लिहायला उशीर झाला. गावोगावची इंजिनं माझ्यापुढं उघडून पडलीत, हात तेलातून निघत नाहीत. भावाबहिणीत आभार कसले म्हणशील, पण मला ते रीतसर लिहायचेच आहेत.

तुला ठाऊक आहे, मी कुणाच्या हाताखाली न राहता इंजिन शिकलो, अक्षरंही दुकानांच्या पाट्या वाचून. वाटलं, ऐकू न येणाऱ्या माझ्या लेकीलाही मीच शिकवीन. घरातल्या वस्तूवस्तूवर खडूनं नाव लिहिलं. घागर, दार, कंदील, तुझ्या साळूवहिनीचा पोळपाटसुद्धा. ती म्हणाली, "आता माझ्या कपाळावर बी लिवा, आई म्हून." विजू सगळं हुबेहूब उतरवायची, अक्षर माझ्याहून वळणदार. पण नावांच्या पलीकडं गाडी जाईना. रडली तरी का रडते ते कळेना. सांडणं, रुसणं, नको असणं यांच्यावर खडूनं लिहिणार कुठं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझ्या आलं. तू तिच्यादेखत तांब्या लवंडलास आणि पाटीवर लिहिलंस, "पाणी सांडलं." तिला अंगणात पळवलंस आणि लिहिलंस, "विजू पळते." चिंच खाताना तुझा चेहरा कसा होतो ते ती अजून करून दाखवते आणि खाली लिहिते, "आत्या चिंच खाते." पूर्णविराम एवढा दाबून देते की पेन्सिल मोडते.

एस.टी.त बसताना तू म्हणालीस, जूनपासून हिला माझ्या वर्गात बसवते. मी म्हणालो, बघू. मनात होतं, रीत कळली, आता पुढचं घरीच करू. केलंही. "बाबा नट आवळतात" हे वाक्य माझ्याकडचं आहे, बरं का.

काल दुपारी तिनं पाटी माझ्यापुढं धरली. समोर काही घडलेलं नव्हतं, मी काही करून दाखवलेलं नव्हतं. लिहिलं होतं, "मला आत्याच्या शाळेत जायचं आहे." खाली मी लिहिलं, "का?" तिनं लिहिलं, "तिथं मुली आहेत." आता इंजिनाच्या शेडमध्ये मुली मी कुठून आणू?

दहा वर्षं आम्ही या पोरीच्या मनातलं अंदाजानं ओळखत आलो. काल तिनं स्वतः सांगितलं, आणि सांगितलं ते माझ्यापासून लांब जायचं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिला सांगता आलं, रतन! हे तू दिलंस. साळूला वाचून दाखवलं, तर डोळे पुसत म्हणाली, "मंग बसलाय काय? ट्रंक काढा माळ्यावरची."

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं तिला घेऊन येतो. दुधावरची साय तिला चालत नाही वगैरे मी कळवत बसत नाही, ती लिहील. घरची आठवण आली तर तेही लिहील. तेवढी पाटी मात्र पुसू नकोस, मी येऊन वाचीन.

तुझाच,
गहिनीनाथदादा