पाकिटाच्या मागच्या बाजूविषयी आत्याला खुलासा

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (पत्रातून ठेवलेलं बरं, समोर असतीस तर पाय मागे घेतले असतेस.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? ताईकडची कॉफी तुला पाणचट लागत असणार, पण लेकीच्या घरी काय बोलायचं म्हणून निमूट पीत असशील. इकडे आम्ही सगळे मजेत. दुकानही ठीक आहे, म्हणजे अजून आहे.

तू रागावून गेलीस त्याला परवा तीन महिने होतील. चूक सगळी माझी. दुकान नव्या धर्तीचं करायचं म्हणून चाळीस वर्षं दाराशी असलेलं तुझं टेबल मी तुला न विचारता हलवलं आणि वर 'आत्या, आता तू आराम कर' असंही म्हणालो. त्यावर तू जे पाहिलंस माझ्याकडे, ते मला अजून जेवताना आठवतं. पण आज पत्र लिहायचं कारण निराळं आहे. आपल्या नव्या पाकिटाच्या मागच्या बाजूला तुझ्याविषयी काहीतरी छापलं गेलंय, आणि ते तुला दुसऱ्या कोणी वाचून दाखवायच्या आत मी सांगावं असं मला वाटतं. (बायकोला जास्त वाटतं.)

तर झालं असं. समोर ते काचेचं कॉफीघर निघाल्यापासून आपलं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, हे तू पाहिलंच आहेस. चौकातल्या मोठ्या भांडारात आपली कॉफी मांडायला फळी मिळाली तर दुकान तरणार, नाहीतर वर्षअखेरीला शटर कायमचं खाली. भांडाराचे खरेदीसाहेब (मान नसलेला, भरदार गृहस्थ) येऊन दोन कप प्याले, वा वा म्हणाले, आणि मग आपली खाकी कागदी पिशवी चिमटीत धरून म्हणाले, माल चांगला आहे हो, पण याच्या अंगावर कपडे कुठेत? त्यांनीच डिझायनरबाईंचा पत्ता दिला.

या बाई स्वभावानं गरीब आहेत, पण पाकिटांच्या बाबतीत त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. सध्या म्हणे पाकीट ओरडत नाही, कुजबुजतं. म्हणून लाल-पिवळा रंग बाद. चिखलाचा एक रंग आणि त्यावर राखेची अक्षरं, एवढंच चालतं. दुकानाचं नाव ठळक असलं की गरजू वाटतं, म्हणून ते खालच्या कोपऱ्यात, मुंगी चिरडल्यासारखं. बाकी पुढची सगळी बाजू मोकळी. मी विचारलं, इथे काय येणार? तर म्हणाल्या, इथे काही न येणं येणार. पाकिटाला छातीवर एक बेंबी असते. (भाजलेल्या बियांतला वायू बाहेर जायला. ही एकच गोष्ट मला पटली, आणि तीच त्यांना काढून टाकायची होती, कारण ती मोकळेपणा बिघडवते. मी हट्टानं ठेवली.) तोंडाला उघड-मीट करायची पट्टी आहे, ती उघडायला दोन माणसं लागतात. आणि चवीच्या जागी लिहिलंय: जर्दाळू, बदामाचं साल, जुन्या पुस्तकाचं कपाट. आपले कडकसाहेब (तेच, दर सोमवारी पावशेर, 'कडक द्या') नमुन्याचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहत हळूच म्हणाले, मला बिनजर्दाळूची द्या, दात राहिले नाहीत.

इथवर सगळं सोसलं. मग बाई म्हणाल्या, मागच्या बाजूला गोष्ट हवी. आता कॉफी कोणी विकत घेत नाही, गोष्ट घेतात, कॉफी तिच्याबरोबर येते. आजोबांनी हे दुकान एका कंटाळलेल्या माणसाकडून भट्टीसकट घेतलं, यात काही गोष्ट निघेना. मग मी तुझ्याबद्दल सांगत सुटलो. घाणा निघाला की तू मूठभर बिया तळहातावर चोळून हुंगायचीस, मान हलली तरच माल बाहेर जायचा. रात्रभर निवल्याशिवाय एक पिशवी भरू द्यायची नाहीस. एकदा आख्खी परात परत पाठवलीस आणि बाबा, तुझा सख्खा मोठा भाऊ, दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत, तेही सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण दुकानात गिऱ्हाईक होतं.

चार दिवसांनी छापायचा नमुना माझ्या सहीला आला. आत्या, चिखलावर राख, आणि अक्षरं खसखशीएवढी. चष्मा लावला, काढला, दिव्याखाली धरला, काही दिसेना. वाचता येत नाही म्हणावं तर बाई मला मागासलेला समजतील. म्हणून जाणकारासारखी मान हलवली, 'मागची बाजू छान श्वास घेते' म्हणालो आणि सही ठोकली. बाराशे पाकिटं छापून आली.

परवा खरेदीसाहेब शेवटचा निर्णय द्यायला आले, बाईही हजर होत्या. पाकीट फिरवून पाहिलं आणि मोबाइलमधून अक्षरं मोठी करून मागची गोष्ट मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत माझी पाचावर धारण बसली. तिथे 'आमची दिवंगत आत्या' असं छापलंय. पुढे तुझ्या हातांची ऊब आहे, तुझा अखेरचा घाणा आहे, आणि तू शेवटचं हुंगून मान हलवतेस तेही आहे. मी बाईंकडे पाहिलं. त्या कानात कुजबुजल्या, हयात माणसाची गोष्ट अजून संपलेली नसते ना, वाचणाऱ्याला शेवट लागतो. तेवढ्यात साहेबांनी वाचन थांबवलं. त्यांनाही एक आत्या होती म्हणे. ते खुर्चीवरून उठले आणि मान (जी नाही) खाली घालून उभे राहिले. मग बाई उठल्या, दळणारा गडी यंत्र बंद करून उठला.

मीही उठलो. मला त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण साहेबांच्या हातात फळीचा कागद होता. दोन मिनिटं मूग गिळून उभा राहिलो. साहेबांनी डोळे पुसले आणि सही केली. फळी मिळाली, तीही डोळ्यांच्या उंचीची. मला शरम वाटते, आत्या. एवढी लाज मला शाळेतसुद्धा कधी वाटली नव्हती.

ताईला नमस्कार आणि भाच्यांना आशीर्वाद. तब्येतीला जप, सध्या विशेष जप.

तुझा नालायक भाचा

ता. क. : पुढच्या शनिवारी भांडारात फळीचं उद्घाटन आहे. साहेब तुझ्या फोटोला हार घालणार आहेत. तेव्हा शनिवारी तू या बाजूला फिरकू नयेस, एवढीच हात जोडून विनंती. यायचंच झालं तर स्वतःची धाकटी बहीण म्हणून ये.

ता. क. २ : वरचा ता. क. रद्द. बायकोनं पत्र वाचलं. ती काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. तिच्यासमोर उभं राहून साहेबांना फोन केला आणि आत्या हयात आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे, असं सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, माझ्याकडून दोन मिनिटं उभं राहून घेतलंत! फळी रद्द करणार होते. शेवटी म्हणाले, शनिवारपर्यंत बाराशेच्या बाराशे पाकिटांवर तो 'दिवंगत' शब्द झाकून आणा, आणि त्या आत्यांना जिवंत माझ्यासमोर उभं करा, तर पाहू.

ता. क. ३ : आज दिवसभर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होतो. एकही सरळ बसत नाही. डिझायनरबाई येऊन पाहून गेल्या, हा वाकडेपणा मुद्दाम आहे का, फार सुंदर आहे, म्हणाल्या. आत्या, खरं सांगतो, ती दोन मिनिटं उभा होतो तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती: चाळीस वर्षं तू रोज सकाळी दुकानात आलीस आणि मी एकदाही खुर्चीवरून उठलो नाही. आता उठेन. तुझ्याइतकं सरळ चिकटवणारं इथे कोणी नाही, आणि अकराशे चाळीस पाकिटांवर तू अजून गेलेलीच आहेस. ये ना गं.