अडीच तास

शेलूबाजार

प्रिय अरसलान,

सलाम. आपण दोघं मराठी शाळेत शिकलो, म्हणून मराठीतच लिवतो. फोनवर हे सांगाले जीभ उचलत नाही. तीनदा लावला, अन् तीनदा तब्येतपाणी इचारून ठेवला.

घरी सारे बरे हायेत. वेल्डिंगच्या दुकानात काम भरपूर हाये. मामूच्या यास्मीनचा निकाह पुढच्या महिन्यात ठरला. मामूनं काल मले इचारलं, अरसलान येईन का? अकरा महिन्यांपासून तू त्यायच्याशी बोलत नाहीस, तरी त्यायच्या आवाजात जराही गिला-तक्रार नव्हती. तेच मले सहन झालं नाही.

तू पहिल्यांदा दोह्याले गेला तवा अम्मी किती रडली होती! म्या तिले मोबाइलवर दाखवलं, दोहा ते नागपूर अठ्ठावीसशे किलोमीटर, पण इमानानं चारच तास. आपली पुण्याची ट्रॅव्हल्स पोचेपर्यंत तुहा लाडका येऊन, जेवून वापस जाईन म्हटलं. तवा कुठं हसली बाई. मंग शेजारणीयले तेच सांगे, माहा पोरगा चार तासावर हाये म्हणे. तिकडचं घड्याळ अडीच तास मागं. तू फोनवर जी वेळ सांगे तिच्यात मी अडीच मिळवो. तू आठ म्हटलं की मी साडेदहा समजो. सात वर्सं हेच केलं.

अम्मी गेली त्या सकाळी तू तिकिटाचा फोटो पाठवला. दोह्याहून नऊ, नागपूरले साडेतीन. अंगणात माणसं जमली होती, जूनचं ऊन तापून राह्यलं होतं, बरफ टिकत नव्हता. म्या फोटो पाह्यला अन् सवयीनं साडेतीनात अडीच मिळवले. सहाले उतरन, घरी यायले नऊ वाजतीन, असं साऱ्यायले सांगतलं. एवढं थांबता येत नाही, असं मंग सारेच म्हणाले. दुपारच्या नमाजनंतर आमी मिट्टी देऊन आलो.

साडेसहाले तू दारात उभा! बॅगही खाली ठेवली नव्हती. तुह्या तोंडाकडं पाहाच्या आधी म्या भिंतीवरल्या घड्याळाकडं पाह्यलं. तिकिटावर उतरायची वेळ इथल्याच घड्याळाची असते, हे मले तवा समजलं. तू इचारलं, काहून थांबले नाही? म्या म्हटलं, मामूनं थांबू देलं नाही. मामू मांगंच उभे होते. त्यायनं आयकलं, डोक्यावरची टोपी सारखी केली अन् बाहीर गेले. तवापासून तू त्यायले सलामही केला नाही.

आता खरं आयक. त्या दिवशी मामू एकटेच म्हणत होते, सांजच्या नमाजपर्यंत थांबू, लेकराले मायचं तोंड पाहू द्या. नऊच्या आत तो येतच नाही, असं म्याच त्यायले ठासून सांगतलं. अम्मीचं शेवटचं तोंड म्या तुह्यापासून हिरावलं, अन् बोल त्या माणसावर ढकलला. अकरा महिने त्यायनं तो मुकाट सोसला, मले एका शब्दानं टोकलं नाही. निकाहले ये. आधी मामूच्या घरी जा, त्यायच्या गळ्यात पड. माह्या घराची पायरी चढला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

अजूनही म्हणायचा हक्क असला तर तुहाच,
उस्मानभाई